पिकअपचा लाल दिवा आणि काकूच्या शालूची जर

आमच्या घरी खंडेनवमीला प्रत्येक यंत्राला जर बांधायची पद्धत होती. आयुधपूजा बेंगळूरात सगळेच करतात. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी सायकलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडायचे, चाकांखाली लिंबं चिरडली जायची आणि रस्ताभर कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा लाल चिखल व्हायचा. पण जर बांधणं आमचं स्वतःचं. आमचे पूर्वज म्हणे फौजेचे तंबू शिवत शिवत इकडे आले आणि इथलेच झाले. तंबू गेले, फौज गेली, सुई राहिली. तेव्हापासूनची चाल अशी, की घरातल्या बाईनं आपल्या लग्नाच्या शालूच्या काठाची एक बारीक चिंधी कापून यंत्राला बांधायची आणि ती वर्षभर सोडायची नाही. शिलाईच्या मशीनला, कात्र्यांना, इस्त्रीला, काजं करायच्या यंत्राला, सगळ्यांना. का, ते विचारलं की अक्का म्हणायची, "का म्हणजे? तुला नवी साडी घेतली की तू खूश होतेस ना? मग मशीनला नको व्हायला?"

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची मोठी बहीण. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे बापाला अण्णाच म्हणतात. माझी आई मी फार लहान असताना गेली. मला वाढवलं काकूनं, आणि घर चालवलं अक्कानं. या दोन वाक्यांत आमचं सगळं घर आलं. पुढच्या खोलीत मशीनं, मधल्या खोलीत कापडाचे तागे, मागं स्वयंपाकघर, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मशीनांची ती घरघर. ती थांबली की आम्हांला चुकल्यासारखं व्हायचं. काकू तंजावराकडची. तिचं मराठी ऐकायला गोड, हेल काढून बोलणारं, आणि तिच्या हातचं चिंचेचं सार असं की जेवून उठल्यावरही माणूस वाटी पुढं करी. पण अक्काच्या लेखी काकूची एक गोष्ट कायमची खोटी होती. तिच्या शालूची जर. काकू लग्न होऊन आली त्याच दिवशी अक्कानं तिच्या पदरावरून बोट फिरवलं आणि चारचौघांत निकाल दिला, "प्लास्टिकची आहे." झालं! त्यानंतर घरात कधीही, कशावरूनही, सांबारात मीठ जास्त पडलं तरी अक्का म्हणायची, "जाऊ द्या, जरीचीसुद्धा पारख नाही त्या घराला." जर खरी की खोटी हे बघायला एक धागा जाळला की पुरे, शिवणकाम करणाऱ्यांना ते काय सांगायला हवं? पण काकू धागा जाळू देईना. "माझ्या आईनं दिलेलं वस्त्र मी काडीनं जाळायचं? नाही हो अक्का," एवढंच म्हणायची आणि पोळ्या लाटायला बसायची. मला तिचा राग यायचा. मनात यायचं, एकदा जाळून दाखव ना गं, तोंड बंद होईल यांचं. आता या वयात वाटतं, तिला कदाचित भीतीही असेल.

आणि आमची पिकअप. अण्णांनी ती जुनीच घेतली होती, आणि आमच्याकडे येऊन ती आणखी जुनी झाली. निळा रंग, एका बाजूला पोचा, मागचं फळकूट दोरीनं बांधलेलं. शाळांचे गणवेश आणि बोम्मसंद्राच्या कारखान्यांतल्या कामगारांचे खाकी कपडे आम्ही शिवून पोचवत होतो. अण्णांची कंबर धरली आणि गाडी कोण चालवणार असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, मी. घरात हलकल्लोळ झाला. अक्का तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते दिवस मला फार सुखाचे गेले. पण काकूनं एकदा अण्णांना सांगितलं, "चालवू द्या हो तिला, तिला बसून काजं करायचा कंटाळा येतो," आणि विषय मिटला. खरं होतं ते. काज आणि बटण, बटण आणि काज, मान मोडून जायची माझी. गाडीत बसून होसूर रस्त्याला लागले, खिडकीतून वारा आला, की मला मी कुणीतरी आहे असं वाटायचं. कारखान्याच्या दारावरचे पहारेकरी आधी हसायचे, मग "अक्का, बन्नी", म्हणजे ताई, या, म्हणून फाटक उघडायचे. आमच्या घरातली अक्का खरी, पण बोम्मसंद्रात अक्का मी होते!

तेव्हा गाडी गेली तर माझं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. परत काजं. अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की या गाडीचं इंजिन आता उघडायची वेळ आली की ती विकायची आणि माल भाड्याच्या टेंपोनं पाठवायचा. टेंपोबरोबर त्याचा चालक येतो. त्यात माझी गरज काय?

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी गाडी स्वच्छ धुतली, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा फडक्यानं पुसलं. आत पूजा चालली होती. अक्का आपल्या शालूच्या काठाच्या चिंध्या एकेका मशीनला बांधत होती. दरवर्षी गाडीच्या आरशालाही तिचीच जर असायची. त्या वर्षी नवी दोन मशीनं आली होती, त्यामुळे कापलेल्या चिंध्या संपल्या आणि शालूला पुन्हा कात्री लावायला अक्काचा हात होईना. ती बाहेर गाडीकडे बघून काकूला म्हणाली, "सुमन, गाडीला तुझी बांध. गाडीला काय, नकली चालते." काकूनं ट्रंकेतून शालू आणला, कडेची बोटभर पट्टी कापली आणि बाहेर आली. मागून अक्काचा आवाज, "आरशाला नको गं! येणारेजाणारे बघतात. आत कुठंतरी बांध, दिसणार नाही अशी." काकू माझ्याकडे बघून हसली. बॉनेटखाली वाकून तिनं हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि हात खोल घालून कुठंतरी गाठ मारली. मी चुरमुरे-फुटाणे खात उभी होते, मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. "नीट बांधलीस?" म्हटलं. "एक छोटी मान दिसली," ती म्हणाली, "तिच्याभोवती घट्ट बांधली. गाडीचा गळाच म्हण ना."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी कपड्यांचे गठ्ठे चढवून मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, आणि तेलाचा लाल दिवा विझला नाही. हा दिवा किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की लगेच विझतो. विझला नाही तर त्याचा अर्थ इंजिनात तेलाचा दाब नाही, आणि तशी गाडी चालवली तर आतलं लोखंड लोखंडावर घासून इंजिनाची माती होते. अण्णांनी मला गाडी शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती: "लाल दिवा दिसला की विचार करायचा नाही, बंद करायची." मी बंद केली. परत सुरू केली. दिवा तसाच. मी अण्णांना हाक मारली.

गल्लीच्या टोकाला पुट्टण्णाचं गॅरेज होतं. भला माणूस, पण निदान करण्याआधी दुःख व्यक्त करायची सवय. त्याचं बोलणं सगळं कन्नडात, मी इथं आपल्या भाषेत देते. त्यानं तेलाची पट्टी ओढून बघितली, तेल भरपूर होतं. बोटांत चोळून बघितलं, दाटही होतं. मग इंजिन दोन क्षण चालवून दिव्याकडे बघितलं आणि "अय्यो, शिवा!" म्हणून गाडीच्या चाकावर हात ठेवला, घरचं कुणी गेल्यासारखा. "अण्णा, बेअरिंग झिजलेत. नाहीतर तेलाचा पंप गेला. काहीही असो, इंजिन उतरवायला लागेल."

अण्णा कंबरेवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "सरी, ठीक. मग विकू या." इतकंच. वर्षानुवर्षं ज्या गाडीला स्वतःच्या हातानं पुसलं, तिच्याबद्दल एवढं छोटं वाक्य. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका माणसाला त्यांनी लगेच निरोप धाडला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असं ठरलं. माल टेंपोतून गेला. टेंपोच्या चालकानं माझे गठ्ठे असे फेकले की मला रडू आलं, आणि आलं ते आलंच. अक्का म्हणाली, "रडतेस काय? काजांचं यंत्र तुझी वाट बघतंय." काकूनं न विचारता माझ्या पुढ्यात चित्रान्नाची थाळी ठेवली. शेंगदाणे जरा जास्तच घातले होते.

थाळी संपेपर्यंत माझं डोकं थंड झालं आणि चालायला लागलं. मी जन्मल्यापासून मशीनांच्या आवाजात वाढलेली. शिलाईचं मशीन कोरडं पडलं की ते कसं खडखडतं हे मला झोपेत कळतं. आमच्या घरात तान्ह्या मुलालाही कळेल! मग तेल वरपर्यंत पोचत नसेल, तर एवढं मोठं इंजिन गप्प कसं बसेल? ते तर नेहमीसारखं मऊ चाललं होतं. मी हात न धुताच पुट्टण्णाकडे गेले. "इंजिन तक्रार करत नाही. एकटा दिवाच करतोय. दिवा खोटं बोलत असेल तर?"

पुट्टण्णानं डोकं खाजवलं. "असूही शकेल. दाब मोजायचं मीटर लावलं तर खरं काय ते कळेल."

"मग लावा की!"

"मीटर मेहुण्याकडे आहे. राजाजीनगरला. गेल्या उगादीला घेऊन गेला, अजून देतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजाजीनगरची बस पकडली. आता मेट्रोनं माणूस पुस्तकाची पानं उलटेपर्यंत पोचतो, तेव्हा बस प्रत्येक देवळापाशी थांबत थांबत जायची, आणि बसवनगुडी ते राजाजीनगर देवळं काय कमी आहेत? मेहुण्याचं गॅरेज सापडलं, मेहुणा सापडला, पण मीटर सापडेना. शेवटी ते त्याच्या बायकोनं धुऊन, कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलेलं निघालं, आयुधपूजेपासून तिथंच होतं. ती म्हणाली, "पूजा उतरवायची राहिली होती हो." मी हात जोडले, देवाला आणि तिलाही, आणि मीटर पिशवीत घालून धावत सुटले. परत येईपर्यंत उन्हं चांगलीच चढली होती आणि मला एकच धास्ती, तो गाडी घेणारा माझ्या आधी पोचतो की काय.

नव्हता पोचला. अण्णा म्हणाले, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" पण त्यांनी पुट्टण्णाला अडवलं नाही. पुट्टण्णा म्हणाला, मीटर बसवायचं ते दिव्याच्या खटक्याच्या जागी. हा खटका इंजिनाच्या कुशीत, खाली, तेलाच्या फिल्टरशेजारी असतो. बोटाएवढा. त्याच्या डोक्यावर एक वायर असते. तेलाचा दाब आला की आतल्या आत जोड सुटतो आणि दिवा विझतो, एवढंच त्याचं काम. पुट्टण्णानं हात घातला, चाचपडला, कुरकुरला. "काहीतरी गुंडाळलंय इथं." एक काळी, तेलकट चिंधी ओढून काढून त्यानं बाजूला फेकली. मग वायर काढली, खटका फिरवून काढला, त्या भोकात मीटर बसवलं आणि धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "तंगी, कर सुरू."

मी किल्ली फिरवली. मीटरचा काटा झरकन वर गेला आणि तिथंच उभा राहिला, जरासुद्धा न डगमगता. पुट्टण्णानं मीटरवर टिचकी मारली. काटा हलला नाही. "अरे वा," तो म्हणाला, "हिला काहीच झालं नाही की! नव्या गाडीचा असतो असा दाब." मी स्टिअरिंगवरच डोकं टेकलं. हसत होते की रडत होते, आठवत नाही.

खटका परत बसवला, वायर लावली, गाडी सुरू केली, तर दिवा गुपचूप विझला. पुट्टण्णा म्हणाला, खटका ढिला असेल, संपलं. पण मी म्हटलं संपलं कसं? काल लागत होता, आज लागत नाही, मधे काय बदललं? खटका तोच, वायर तीच. बदललं एवढंच, की ती चिंधी निघाली. मी ती उचलली आणि रॉकेलच्या डब्यात बुडवून चोळली. काळं उतरलं आणि खालून पिवळं चमकलं. स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आली होती. ती एकदम म्हणाली, "अगं बाई! ही माझी."

मग कुठं सगळं उलगडलं. काकूला दिसलेली ती छोटी मान म्हणजे हाच खटका. तिनं पट्टी त्याच्या डोक्यापासून, वायरच्या टोकावरून फिरवून शेजारच्या लोखंडाला घट्ट गाठ मारली होती. पुट्टण्णानं वायर काढून बाजूला धरली, दिवा विझलेला. मग पट्टीचं एक टोक वायरला लावलं, दुसरं इंजिनाला टेकवलं. दिवा लागला. उचललं, विझला. टेकवलं, लागला. पोरासारखं त्याला वेडच लागलं त्याचं. "वीज जाते आहे यातून! म्हणून तर दिवा विझत नव्हता. इंजिन बिचारं ठणठणीत, आणि मी त्याचे दिवस घालायला निघालो होतो."

तेवढ्यात अक्का बाहेर आली. "काय चाललंय? म्हणजे हिच्या प्लास्टिकच्या जरीनं गाडी बिघडवली म्हणा की."

पुट्टण्णानं मान वर केली. त्याला आमच्या घरचं राजकारण काय माहीत? तो सरळ म्हणाला, "प्लास्टिक? प्लास्टिकमधून वीज जात नाही अक्का. हा धातू आहे. खरा."

आतली मशीनंसुद्धा थांबली असं मला वाटतं. मी आत पळाले. भेटवस्तूवर बांधायची सोनेरी प्लास्टिकची जरीची पट्टी आणली आणि तशीच वायरला लावून इंजिनावर टेकवली. दिवा लागला नाही. मग काकूची टेकवली. दिवा भक्क लागला. परत प्लास्टिक, काही नाही. परत काकूची, लाल! एका धाग्यालाही काडी न लावता निकाल लागला. काकूनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय, जवळ गेले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझी आई खोटं नव्हती बोलली," ती म्हणाली. मी तिला मिठी मारली, माझे हात तेलानं बरबटलेले, तिच्या साडीची वाट लागली.

सावरल्यावर ती अक्काकडे वळली. आणि ज्या बाईनं जन्मात कुणाला टोमणा मारला नाही, तिनं आपल्या गोड हेलात विचारलं, "अक्का, तुमचीपण लावून बघायची का हो? गंमत म्हणून."

"कापीचं दूध ठेवलंय," अक्का म्हणाली आणि कॉफीचं निमित्त करून आत गेली.

गाड्या घेणारा माणूस आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चेहऱ्यावर आधीच सहानुभूती घेऊन. त्यानं पिकअपभोवती फेरी मारली, पोच्यावर बोट ठेवून जीभ चुकचुकली, आणि म्हणाला, इंजिन गेलेली गाडी म्हणजे काय, भंगारच. अण्णा काही बोलायच्या आत काकू पुढं झाली. "इंजिन गेलेलं नाही. गाडी विकायची नाही. आमची सरू उद्या बोम्मसंद्राला माल घेऊन जाणार आहे. स्वल्प कापी घेऊन जा." अण्णांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कंबर धरून इतके हसले की खुर्ची आणावी लागली. त्या माणसानं मात्र कॉफी घेतली, आणि वर दुसरा पेलाही मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी होसूर रस्त्याला लागले तेव्हा काकू माझ्या शेजारी बसली होती. ती पहिल्यांदाच गाडीत पुढं बसली. तिची पट्टी आरशाला बांधली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशी. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "अक्का, बन्नी," आणि काकूनं मला विचारलं, "मला म्हणाला की तुला?" मी म्हटलं, "दोघींना." आज माझ्या नातवाच्या गाडीत तेलाचा दाब आकड्यांत दिसतो, आणि काही झालं की ते संगणक लावून बघतात. ती गाडीही चांगली आहे, पण तिच्यात जर बांधायला जागा कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली, मी पुन्हा गाडी धुतली. त्या वर्षभरात अक्कानं जरीचा विषय काढला नव्हता, सांबारात मीठ जास्त पडलं तरी नाही. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती: गेल्या पूजेनंतर काही दिवसांनी एका दुपारी, घर निजलेलं असताना, पिकअपचं बॉनेट उघडं होतं, अक्काच्या हातात तिच्या शालूची चिंधी होती, आणि पुट्टण्णा तिला हातानं नको नको म्हणत समजावत होता. मी खिडकीतून बघितलं आणि मागं सरले. पूजेच्या वेळी अक्का आपल्या मशीनपुढं बसली, घरातलं सगळ्यांत जुनं मशीन, तिच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. तिनं कात्री उचलली, खाली ठेवली, आणि मान न वळवता म्हणाली, "सुमन, तुझ्या शालूचा काठ दे गं स्वल्प. माझ्या मशीनला."

काकू दारात थबकली. "आणि गाडीला, अक्का?"

"गाडीला माझी बांधा," अक्का म्हणाली. "कुठंही बांधा. तिच्यानं दिवा लागत नाही."